अळंबीनंतरचा रविवार

"गाडी मागे घ्या हो! झाड पडलंय, दिसत नाही का?"

मे महिन्यातली दुपार होती. भुरभुर पाऊस, डोंगरावरून उतरलेलं धुकं आणि माझ्या नऊ आसनी गाडीसमोर रस्ताभर आडवं पसरलेलं एक थोराड झाड. त्याच्या फांद्यांतून एक डोकं वर आलं होतं. केस ओले, कपाळावर लाकडाचा भुसा, हातात करवत.

"झाड दिसतंय," मी काच खाली करून म्हणाले. "पण मागे घेऊ कुठे? मागे वळण आहे आणि बाजूला दरी."

"मग आहात तिथेच थांबा. आणि हॉर्न वाजवू नका. झाड काही घाबरून उठणार नाही."

मागच्या सहा प्रवाशांपैकी कोणीतरी खुदकन हसलं. मला मात्र हसू आलं नाही. डोंगरापलीकडच्या हॉटेलात आमचं जेवण ठरलेलं होतं, दोन वाजून गेले होते, आणि भुकेल्या खवय्यांइतकी भयंकर जमात जगात दुसरी नाही. हे मी अनुभवाने सांगते. मावशीची आणि माझी छोटीशी कंपनी आहे. लियाँहून निघायचं, डोंगर ओलांडायचे, पेरिगोरचा मुलूख करून बोर्दोच्या पुढे समुद्रापाशी पोचायचं. नऊ दिवस. ज्या मुलखात जे पिकतं, ते तिथल्याच माणसाच्या हातचं खायचं.

"पोरी, जेवण कधी?" मागून आवाज आला.

करवतवाल्याने तो ऐकला असावा. तो खिडकीशी आला. डोळे राखाडी, पावसाच्याच रंगाचे.

"खालच्या वळणावर माझी खानावळ आहे. उघडून तीन आठवडे झालेत. बटाटे आहेत, ताजं चीज आहे, लसूण आहे."

"एवढंच?"

"एवढंच. पण खाऊन झाल्यावर 'एवढंच' म्हणालात, तर हे झाड मी परत रस्त्यात आणून ठेवीन."

त्याने केली ती त्रुफाद. पातळ कापलेले बटाटे, वर चीज, आणि सगळं एका जुन्या काळ्या कढईत. आमच्याकडे ही काही नवलाईची गोष्ट नव्हे. पण त्याने ती कढई टेबलावर उपडी केली, तेव्हा खालची सोनेरी खरवड अखंड निघाली आणि सहाच्या सहा जण गप्प झाले. तो दाराला टेकून उभा होता. पाहुण्यांकडे नव्हता बघत... माझ्याकडे बघत होता.

"बोला. आणू झाड?"

माझं तोंड भरलेलं होतं. मी नुसती मान हलवली – नको.

*

त्याचं नाव गोतिए. क्लेरमाँच्या एका मोठ्या हॉटेलात आठ वर्षं राबून तो लाव्हेर्नला, बापाच्या बंद पडलेल्या खानावळीत परत आला होता. गावात शंभरेक माणसं, त्याहून जास्त तांबड्या गायी, आणि त्याच्या परसात अकरा कोंबड्या.

डोंगरापलीकडचं हॉटेल मी यादीतून काढून टाकलं. एका आड एक शनिवारी आमची गाडी लाव्हेर्नला मुक्कामी थांबू लागली.

"त्या गावात असं आहे तरी काय?" मावशीने फोनवर विचारलं.

"बटाटे."

"बटाटे लियाँतही मिळतात, बाळ," मावशी म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही. माझी मावशी शहाणी आहे.

जूनमध्ये त्याने गावच्या मसुरीत डुकराचं खारवलेलं मांस शिजवलं. जुलैत डोंगरातली निळी बोरं. सगळ्या पाहुण्यांच्या जिभा निळ्या झाल्या, माझीही. "दाखवा बघू," तो म्हणाला. मी दाखवली नाही, आणि मग दिवसभर उगीचच लाजत राहिले. ऑगस्टमध्ये गारा आल्या. आम्ही दोघं गोठ्याच्या वळचणीला अंग चोरून उभे राहिलो. त्याची बाही माझ्या दंडाला लागत होती. गारा थांबल्या... तरी आम्ही दोघंही थोडा वेळ 'थांबल्या' असं म्हणालो नाही.

"तुम्ही दर शनिवारी येत नाही," तो एकदा ताटं विसळता विसळता म्हणाला.

"एका आड एकच सहल असते."

"हो ना. मधल्या शनिवारी माझ्या हातून मीठ जास्त पडतं. गावकरी वैतागलेत."

"मग कमी टाकायचं."

"कमी टाकायला लक्ष ठिकाणावर लागतं."

एवढं झालं तरी आम्ही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत होतो. त्या 'तुम्ही'त एक सुरक्षितपणा होता. कुंपणाच्या अलीकडून-पलीकडून गप्पा माराव्यात तसा.

*

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारची ही आमची त्या वर्षातली शेवटची सहल. त्यानंतर एप्रिलपर्यंत काही नाही. मी मनाशी ठरवलं होतं, या वेळी तो बोलला नाही तर आपण बोलायचं.

त्या खेपेला सहा जण होते. नान्तचं एक नवं जोडपं, दोन प्रौढ अविवाहित बहिणी, लिलच्या मादाम वासेर आणि दिजाँचे बोदाँ. मादाम वासेर निवृत्त शाळामास्तरीण. प्रत्येक वाक्यावर पूर्णविराम ठोकावा तसं बोलणं. बोदाँ एकाहत्तर वर्षांचे, घड्याळं दुरुस्त करणारे, विधुर. प्रत्येक ताट पावाने पुसून लख्ख करत. "पोरी, मी सहल नाही करत, मी राहिलेलं सगळं खाऊन घेतोय," असं म्हणत. मला त्यांचा फार लळा लागला होता.

आम्ही पोचलो तेव्हा गोतिए रानातून नुकताच आला होता. दोन टोपल्या भरून अळंबी. तपकिरी, पिवळी, आणि आमच्याकडे जिला नुसतं 'हिरवी' म्हणतात ती. खाण्यात तिच्या तोडीची दुसरी नाही.

"कांदे चिरायला बसा," त्याने मला हुकूम सोडला. "डावीकडची टोपली बघून झालीये. उजवीकडचीला हात नका लावू. ती मला पुन्हा एकदा बघायचीय."

"एवढं काय बघायचं?"

त्याने एक हिरवी उचलली. "हिला एक जुळी बहीण आहे. टोपी अगदी अश्शीच, हिरवट. पण ती माणूस मारते. म्हणून टोपीवर जायचं नाही, टोपी फसवते. देठ बघायचा. गळ्यात झालर आणि बुडाशी पांढरी पिशवी असली की समजायचं, ही ती."

"आणि चुकलं तर?"

"चुकत नाही. बघतो ना मी." त्याने बूड कापून बादलीत टाकलं, पुढची उचलली. मग मान वर न करता म्हणाला, "आर्मेल... आता एप्रिलपर्यंत तुम्ही..."

"एप्रिलपर्यंत मी काय?"

"एप्रिलपर्यंत–"

"अहो, बाटली उघडायचं कुठाय?" बाहेरून बोदाँ ओरडले.

गोतिए हसला, मानेपर्यंत लाल झाला आणि हात पुसत बाहेर गेला. मी एकटीच राहिले. कढई तापली होती, लोणी जळायला आलं होतं. मी भराभर अळंबी कढईत ढकलली, काहींची बुडं राहिली होती ती कापली... आणि सगळा वेळ दाराकडे बघत होते.

"किती टाकल्या?" परत येऊन त्याने विचारलं.

"पुरेशा!"

आणि आम्ही दोघं कशाला कोण जाणे, पण खूप हसलो. राहिलेलं वाक्य जेवणानंतर पुरं होईल असं मला वाटलं होतं. पण जेवणानंतर दोघी बहिणींनी गाणी सुरू केली, बोदाँनी तिसऱ्यांदा ताट पुसलं, आणि वाक्य राहूनच गेलं.

*

सकाळी आठ वाजता मादाम वासेर माझ्या दाराशी उभ्या होत्या.

"बोदाँना बघा. लगेच."

ते पलंगाच्या कडेला पोट धरून वाकले होते. कपाळ घामाने डबडबलेलं, पायाशी घमेलं. ओठ पांढरे. "काही नाही ग पोरी," ते म्हणाले, आणि पुन्हा ओकारी आली.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. गोतिए पाव कापत होता.

"बोदाँना उलट्या होतायत. पोटात कळा."

"कधीपासून?"

"सहापासून, म्हणाले."

त्याने सुरी खाली ठेवली. मी बघत होते – तो मनातल्या मनात मोजत होता. रात्रीचे आठ ते पहाटेचे सहा.

"दहा तास," तो हळूच म्हणाला.

"मग? इतक्या उशिरा म्हणजे जेवणामुळे नसेल ना?"

"उलट आहे, आर्मेल. लगेच झालं असतं, तर मी घाबरलो नसतो. ती... ती दुसरी... ती दहा-बारा तास गप्प बसते."

रुग्णवाहिका आली. बोदाँना नेलं आणि आम्हालाही निरोप आला, जे जे जेवलेत त्या सगळ्यांनी खाली शहरात इस्पितळात या. चाळीस मिनिटांचा रस्ता मी गाडी चालवत होते आणि आरशात पाच चेहरे बघत होते. प्रत्येकाने एक हात नकळत पोटावर ठेवला होता. मीही. मागून गोतिए त्याच्या गाडीने येत होता.

डॉक्टर बेलाइद माझ्याच वयाच्या होत्या. रात्रपाळीने डोळे सुजलेले, पण आवाज स्थिर. त्यांनी सगळ्यांचं रक्त घेतलं आणि तासाभराने बाहेर आल्या.

"बोदाँच्या यकृताचे आकडे वाढलेत. अळंबीचं विष असेल असं धरूनच आम्ही उपचार सुरू करतोय. पोटाची सोनोग्राफी करणारे डॉक्टर रविवारी नसतात, त्यांना बोलावलंय, दुपारपर्यंत येतील. गरज पडली तर हेलिकॉप्टर मागवू. आता मला सांगा, अळंबी आणली कोणी?"

"मी," गोतिए म्हणाला.

"निवडल्या कोणी, चिरल्या कोणी?"

"मीच. एकट्याने."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी तोंड उघडलं... आणि मिटलं. का? घाबरले, म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. आजही ते आठवलं की कान तापतात.

"एकट्याने?" मादाम वासेर ताठ बसून म्हणाल्या. "काल स्वयंपाकघरातून दोघांचं खिदळणं ऐकू येत होतं मला. माणूस खिदळतो तेव्हा त्याचं हातातल्या कामाकडे किती लक्ष असतं, हे मला अडतीस वर्षं वर्गात दिसलंय."

नान्तच्या तरुणाने बायकोचा हात घट्ट धरला. धाकट्या बहिणीला हुंदका फुटला. "माझ्याही पोटात दुखतंय हो..."

"तुझ्या पोटात लहानपणापासून दुखतंय, गप बस," थोरली म्हणाली. पण तिचाही आवाज कापत होता.

"बुडं कुठायत?" डॉक्टरांनी विचारलं. "कापलेले देठ?"

"परसात टाकले. कोंबड्यांना."

"मग उठा. मिळतील तेवढे गोळा करा. लाव्हेर्नला मादाम ओर्तांस राहतात ना, जुन्या औषधवाल्या? त्यांच्याइतकी अळंबी या इस्पितळात कोणाला कळत नाही. त्यांना दाखवा आणि मला फोन करा. वाटेत उलटी झाली, चक्कर आली, तर तसेच माघारी फिरा. मात्र एकटे जाऊ नका."

"मी जाते," मी म्हणाले.

*

त्याच्या जुनाट गाडीत ओल्या पोत्यांचा वास येत होता. पहिली दहा वळणं मागे पडल्यावर मी विचारलं,

"खोटं का बोललास?"

'बोललास'. दोघांनाही ते ऐकू आलं. पाच महिने जपलेलं कुंपण असं भलत्याच क्षणी पडलं आणि त्याकडे बघायलाही सवड नव्हती.

"तुला हे काम पुढेही करायचंय म्हणून," तो म्हणाला.

"आणि तुला नाही करायचं?"

त्याने गिअर बदलला.

"गोतिए... मी घाईत होते. उजवीकडच्या टोपलीतूनही घेतल्या असतील."

"किती?"

"दोन. तीन. मला आठवत नाही."

"बुडं बघितलीस?"

"कापली. बघितली की नाही... मी दाराकडे बघत होते. तू कधी येतोस म्हणून."

त्याने गाडीचा वेग कमी केला. वाटलं, थांबवतोय. पण समोर गायी होत्या. त्या संथपणे रस्ता ओलांडत राहिल्या. एक, दोन, आठ, बारा... आणि तिकडे एक म्हातारा माणूस कळा सोसत होता.

"तू कांदा चिरत होतीस," तो समोर बघतच म्हणाला, "आणि डोळ्यांतलं पाणी मनगटाने पुसत होतीस. मी डावीकडची टोपली 'बघून झाली' म्हणालो ना? त्यातल्या किती खरंच बघितल्या आणि किती वेळ तुला बघत होतो... ते मला शपथेवर नाही सांगता येणार."

"म्हणजे दोघांनाही..."

"दोघांनाही माहीत नाही."

माझ्या पोटातून एक कळ गेली. मी पोटावर हात दाबला.

"काय झालं?" तो एकदम म्हणाला.

"काही नाही. भीती असेल."

"माझ्याही पोटात येतेय. मघापासून."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एकाच कढईतलं खाल्लेलं आम्ही दोघं, आणि भीती कुठली नि विष कुठलं हे सांगणारं कोणी नाही.

परसात अकरा कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. त्यांना हाकलून आम्ही चिखलात गुडघे टेकले. बटाट्याच्या साली, अंड्यांची टरफलं, आणि त्यांत तुटके, चिवडलेले देठ. एकेक पुसायचा, फडक्यात ठेवायचा. नखांत माती भरली. मग माझ्या बोटांना ते लागलं. पांढरं, पातळ, पिशवीसारखं...

"गोतिए."

त्याने ते तळहातावर घेतलं. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हा इथेच बसेल. "पिशवी," तो पुटपुटला.

मादाम ओर्तांस ब्याऐंशी वर्षांच्या. जेवायला बसल्या होत्या. त्यांनी ताट सरकवलं, वर्तमानपत्र पसरलं, भिंग काढलं. आम्ही लहान मुलांसारखे टेबलाशी उभे. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं.

"हा बरा. हाही बरा. हा कोणी कापलाय असा वेडावाकडा?"

"मी," मी म्हणाले.

"लग्नाआधी शिकून घे." त्या पुढे सरकल्या. त्या पांढऱ्या तुकड्यापाशी थांबल्या. भिंगातून बघितलं. वास घेतला. पुन्हा बघितलं. मग दाताने चक्क चावून बघितलं–

"मादाम!" गोतिए ओरडला.

"ओरडतोस कशाला? कांदा आहे. पांढऱ्या कांद्याचं साल. इतकी वर्षं स्वयंपाक करतोस आणि कांदा ओळखू येईना?"

मी खुर्चीत बसलेच. पण म्हाताऱ्या बाईंनी भिंग खाली ठेवलं नव्हतं.

"हसू नका इतक्यात. इथे एकोणतीस देठ आहेत, एकोणतीसही चांगले. जे कोंबड्यांच्या पोटात गेले त्यांचं मी काय सांगू? पोरा, तू म्हणशील का मला, की एकही वाईट नव्हती?"

गोतिएने वर्तमानपत्रावरच्या देठांकडे बघितलं.

"नाही म्हणू शकत," तो म्हणाला. "माहीत नाही मला."

*

परत पोचलो तेव्हा चार वाजले होते. ते पाचही जण तसेच, त्याच खुर्च्यांवर. बोदाँना आत नेलं होतं. सोनोग्राफी करणारे डॉक्टर आले होते.

डॉक्टर बेलाइद देठांची पुडी घ्यायला बाहेर आल्या, तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहिले. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"सकाळी मी गप्प राहिले. अळंबी याने एकट्याने नाही केली. अर्ध्याहून जास्त मी टाकल्या, बुडं मी कापली, आणि मी ती नीट बघितली नव्हती. लिहायचं तर माझंही नाव लिहा."

"आर्मेल, कशाला..." गोतिए म्हणाला.

"कारण ते खरं आहे."

मादाम वासेर माझ्याकडे बघत राहिल्या. बाई चिडल्यात की काय, ते काही कळेना. अर्धा तास गेला. खिडकीबाहेर ऊन कलत चाललं होतं. धाकटी बहीण जपमाळ ओढत होती. गोतिए भिंतीला टेकून उभा. त्याचे हात अजून मातीचे.

दार उघडलं. डॉक्टर बेलाइद दिवसभरात पहिल्यांदा हसत होत्या.

"खडा आहे."

"कसला खडा?" थोरल्या बहिणीने विचारलं.

"पित्ताचा. नळीत अडकलाय, म्हणून यकृताचे आकडे वाढले. तुमच्या अळंबीचा काही संबंध नाही. गेले तीन दिवस हे गृहस्थ काय काय खात होते, जरा सांगाल का?"

"लोणी," नान्तचा तरुण म्हणाला.

"साय," त्याची बायको म्हणाली. "डुकराची चरबी. चीज. परत चीज."

आणि ती एकदम रडायलाच लागली, नवरा हसायला लागला, दोघी बहिणींनी एकमेकींना मिठी मारली. मी वळून गोतिएकडे बघितलं.

तो तिथे नव्हता.

तो बाहेर पायऱ्यांवर बसला होता. मी शेजारी बसले. मला वाटत होतं, आता तो हसेल. आता ते कालचं वाक्य पुरं होईल.

"उद्या बोदाँना मोठ्या इस्पितळात हलवणार आहेत, खडा काढायला," तो म्हणाला. "मी त्यांच्याबरोबर राहतो. तू बाकीच्यांना घेऊन पुढे जा."

"बरं. आणि मग?"

"मग काय? पुढच्या वर्षी डोंगरापलीकडच्या हॉटेलात ने त्यांना. तिथे लोक ताटाकडे बघून स्वयंपाक करतात."

"गोतिए, खडा होता! अळंबी चांगली होती!"

"नशिबाने. माझ्या काळजीने नव्हे." त्याने हात उलटे करून बघितले. "सात माणसं माझ्या भरवशावर जेवली आणि मी काय बघत होतो? तुला. तू समोर असलीस की माझा हात भरवशाचा राहत नाही, आर्मेल. परत नको येऊस."

तो उठला आणि आत गेला.

*

पेरिगोरला आम्ही बदक खाल्लं, अक्रोडाच्या तेलातली कोशिंबीर खाल्ली. बोर्दोच्या पुढे, समुद्राकाठी, ओल्या फळ्यांवर बसून कालवं खाल्ली. पाहुणे पुन्हा खुलले होते. मला चव म्हणून लागत नव्हती. फोन मी दिवसातून वीस वेळा बघत होते. बोदाँचे निरोप यायचे. खडा निघाला, बरं आहे, इथलं सूप म्हणजे कोमट पाणी आहे. गोतिएचं काहीच नाही.

शेवटच्या संध्याकाळी मादाम वासेर माझ्याशेजारी येऊन बसल्या. कालवावर लिंबू पिळता पिळता म्हणाल्या, "बोदाँ म्हणतात, तो रोज त्यांच्या उशाशी बसतो. एक शब्द न बोलता."

मी पाण्याकडे बघत राहिले.

"मी त्या दिवशी बोलले ते चुकीचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी हलगर्जीपणा केलात. पण अडतीस वर्षांत मी एक शिकलेय. वर्गात काच फुटली की सगळी मुलं म्हणतात, 'मी नाही.' एखादंच म्हणतं, 'माहीत नाही बाई, कदाचित माझ्याच हातून.' त्या पोराच्या हातात मी वर्गाच्या किल्ल्या द्यायची." त्यांनी कालव तोंडात टाकलं. "आता उद्या आम्हाला स्टेशनावर सोडलंत, की तुम्हाला काही काम आहे का?"

"नाही."

"मग इथे काय रडत बसलायत?"

शुक्रवारी सकाळी मी पाचही जणांना स्टेशनावर सोडलं आणि गाडी पूर्वेला वळवली. नऊ आसनांत मी एकटी. द्राक्षांचे मळे सरले, अक्रोडाच्या बागा सरल्या, चढ लागले. काय बोलायचं ते मी चार वेळा ठरवलं, आणि चारही वेळा विसरले.

तो शिडीवर चढून खानावळीच्या दाराचं कवाड रंगवत होता. गाडीचा आवाज ऐकून वळला. उतरला मात्र नाही.

"आज शनिवार नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"कोणाला आणलंयस?" तो गाडीच्या काचांतून आत बघायचा प्रयत्न करत होता.

"कोणालाच नाही."

"मग सहल कसली?"

"सहल संपली सकाळीच." मी शिडीपाशी गेले. "गोतिए, माझं ऐक. पाहुणे जेवायचे असतील तेव्हा मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही. बाहेर बसेन, गोठ्यात बसेन, मादाम ओर्तांसकडे जाऊन देठ ओळखायला शिकेन. तू टोपलीकडे बघ. दोनदा बघ, दहादा बघ. पण ताटं उचलली, पाहुणे झोपायला गेले, की मग... मग माझ्याकडे बघ. माझं प्रेम आहे तुझ्यावर. एप्रिलपर्यंत थांबायला मला जमणार नाही."

रंगाचा ब्रश त्याच्या हातात तसाच. त्यातून निळा थेंब शिडीच्या पायरीवर पडला, मग दुसरा.

"हे सगळं तू गाडीतच पाठ केलंस?" त्याने विचारलं. आवाज धड नव्हता.

"हो. निम्मं विसरले."

"मला निम्मंही नव्हतं जमलं." तो खाली उतरू लागला, सावकाश, एकेक पायरी बघत. शेवटच्या पायरीवर थांबला. "चार रात्री त्या म्हाताऱ्याच्या उशाशी बसून मी एकच विचार करत होतो, की मी तुला नको येऊस म्हणालो आणि तू ऐकलंस तर?"

"मी कोणाचं ऐकत नाही."

"हात बघ माझे. रंग लागलाय."

"लागू दे," मी म्हणाले.